चपला ठेवू कुठं?

नात पुन्याला असती. सुट्टीच्या दिवशी सायकल घिऊन डोंगरात जायाचा तिला नाद लागलाय, अन् त्या सायकलीवर घालायला बूट बी येगळे लागत्यात म्हनं. परवा आली तवा मोबाइल माज्या नाकाशी धरून बसली. आजी, ह्यो बघ पावसाळ्याचा, ह्यात पानी शिरत न्हाई. ह्यो उन्हाळ्याचा, जाळीचा हाय, वारं खेळतं. ह्यो थंडीचा, घोट्यापत्तुर येतो. सांग ना, कोनता घिऊ? मी म्हनलं, बाई, तळवा दाव, वरून सगळेच नवरदेव. तिनं बोटानं फोटू उलटा केला. तळवा बघितला अन् माज्या तोंडाला एकदम आंबूस पानी सुटलं, ओकारी याच्या आदी सुटतं तसं. नासलेलं दूध अन् जळकं रबर, दोन्हीचा मिळून एक वास असतो. नाकात बसला की मरूस्तवर निघत न्हाई. पोरीला म्हनलं, उद्या सांगते. रातभर तेच डोक्यात. मला बी तीनच व्हते बाई, थंडीचे, पावसाचे अन् उन्हाचे.

दुष्काळाच्या दुसऱ्या सालचा बी पाऊस गेलता तवाची गोष्ट. शिरूरच्या पल्याड डोंगराच्या पायथ्याला आमचं गाव. माजी लेक मंगल चार म्हैन्याची, अंगावर पिती. मी म्हंजी काय, एकोनीस-ईस वर्साची, शाळा सातवीपत्तुर, आठवीच्या बाकावर पंधरा दिस बसून उठलेली. आमचे ह्ये दिवाळी झाल्यावर कारखान्याला ऊस तोडाया गेलते. ऊसतोडीत नवरा-बायकू मिळून एक कोयता, एकला मानूस म्हंजी अर्धा कोयता. अर्धा कोयता मुकादमाला परवडत न्हाई. जाताना तो दारात हुबा राहून म्हनला, "बाळंतीन हाय म्हनून सोडतो. दुधाचं काम हाय तवर ऱ्हा घरी. काम सुटलं की जीप पाठवितो, पोरीला घिऊन यायचं." मी लग्नाच्या पहिल्याच साली गेलते तिकडं. पाचटाच्या कोपीत, झोपडीत म्हना, दोन म्हैन्याचं एक लेकरू बघितलं व्हतं, तोंडावर माशा अशा बसलेल्या की डोळे दिसत नव्हते, अन् त्याची माय चार सऱ्या पुढं ऊस तोडीत व्हती, तिला हाक मारली तर म्हनली, हाकल की तूच. मी हाकलल्या. हात काढला की परत बसल्या. मंगलच्या तोंडावर एक माशी बसली तरी मला दम लागायचा.

घरात मी, मंगल अन् सासू. सासूला आत्याबाई म्हनायची मी. त्यांनी जलमात पायात काय घातलं नव्हतं. चप्पल न्हाई, वहान न्हाई. टाचंला अशा भेगा की बोटाचं कांडं आत जाईल, त्यात काळी माती, शेन, कुठला कुठला काडीकचरा. निजताना वाकळ अंगावर घेतली की भेगांत चिंधी अडकायची अन् टर्र टर्र असा आवाज यायचा. मला त्या आवाजाची लई किळस. सकाळी हुलग्याचं माडगं ढवळायच्या अन् उकिडव्या बसल्या की त्यो पाय चुलीच्या उजेडात माज्या ताटापशी. माडगं घशाखाली उतरत नसायचं. खोटं कावून लिहू? आता माज्या टाचा तशाच झाल्यात, सुना काय म्हनत असतील ते मला न सांगता कळतं.

दुधाचं काम असं. खाली गावात पान्याचा ठनठनाट, टँकर यायचा त्या पान्याला बी गंज अन् शेवाळाचा वास. म्हशी कुनाच्या टिकल्या न्हाईत. पन डोंगरावर वस्ती व्हती, तिथं कपारीत एक झरा व्हता, करंगळीयेवढा. त्याच्यावर वस्तीवाल्यांनी आपल्या म्हशी धरल्या, अन् गावातल्या मोठ्या लोकांनी बी आपल्या म्हशी वर नेऊन बांधल्या. ते दूध खाली सोसायटीच्या डेअरीत आनायचं. वर जीप जात न्हाई, बैलगाडी जात न्हाई, निसता मुरूम अन् गोटे. यांची सायकल घरी पडून व्हती, मला म्हायेरी भावानं सायकल शिकविली व्हती, म्हनून डेअरीच्या सेक्रेटरीनं काम दिलं. दांड्याची सायकल, म्हनून आत्याबाईंनी त्यांचं जुनं नऊवारी काढून दिलं अन् काष्टा घालाया शिकविला. जाताना मोकळ्या किटल्या लावून सायकल ढकलीत वर, येताना दोन्ही बाजूला भरलेल्या किटल्या घिऊन खाली. सेक्रेटरीनं पहिल्याच दिशी सांगितलं, "तीन बारी दूध परत गेलं की काम दुसऱ्याला."

आता चपलांचं येवढं कावून सांगते, तर सायकलीला बिरेक नव्हतं. व्हतं, पन रबर झिजून लोखंडाला लोखंड घासायचं. खाली उतरताना पुढच्या चाकावर पायाचा तळवा दाबायचा, तेच बिरेक. पाय धरला तर जीव राह्यला, पाय निसटला तर किटल्यासकट वढ्यात.

थंडीत यांचे कापडी बूट घातले. मोठे व्हते, बोटापुढं चिंध्या कोंबल्या. उसाच्या रसानं आतून कडक झालेले, अन् वास असा की मेलेला उंदीर बरा. पाय आत घालताना मी शीः शीः करायची अन् आत्याबाई म्हनायच्या, "नवऱ्याच्याच पायाचा वास हाय, पाटलाच्या न्हाई." पन ते धरायचे चांगले. कापडात ऊब राह्यची. दोन म्हैन्यात घासून घासून उजव्या तळव्याला भोक पडलं, रुपयायेवढं.

मंग अवकाळी आली. पीक यायला पुरत न्हाई पन चिखुल व्हायला पुरतो असा पाऊस. कापडी बूट भिजून मनभर जड झाले. मी बाजारातून प्लॅस्टिकचे घेतले, चकचकीत, पानी शिरत न्हाई म्हनून. पानी शिरत न्हाई तसं शिरलेलं निघत बी न्हाई. घाम अन् पानी आत पचपच करायचं, चार दिसांत बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या, पांढरी कातडी सोलून निघायची, तिचा वास दुधाच्या वासासारखाच, त्यामुळं मला दूधच नकोसं झालं. मंगलला पाजताना सुद्धा कधी कधी मान वळवायची मी, माजंच दूध. एका दिशी उतारावर वल्या चाकावर तळवा दाबला अन् सर्रकन निसटला. किटली उघडली, अर्धं दूध चिखलात, उरल्यालं गाळून नेलं तर सेक्रेटरी म्हनला, खाली माती बसलीय. पहिली बारी.

पाऊस गेला अन् आठ दिसांत ऊन असं पडलं की भाकर धोंड्यावर भाजावी. पायात तेच प्लॅस्टिक. चाकाला लागलं की मऊ व्हायचं, च्युइंगमासारखं वढायचं, काळा धूर, नाकात तो वास. एका दिशी तळवा चाकाला चिकटून फाटला. मी पाय उघडा घिऊन सायकल धरून धरून चालत उतरले, दहा पावलं सावलीत, दहा पावलं रडत. डेअरीवर जाईस्तवर दूध फाटलं. दुसरी बारी.

त्याच दुपारी शिरूरला गेले. तिथं गफूरभाई नावाचा म्हातारा सायकली दुरुस्त करायचा अन् जुन्या टायरच्या चपला बी कापायचा. त्याच्याकडं विकायला टांगलेला एक चकचकीत बूट मी बघाया लागले तर त्यानं हातातून काढून घेतला. "बेटी, ऊपर क्या देखती, नीचू देख. कुठं घालनार?"

मी सगळं सांगितलं, डोंगर, किटल्या, बिरेक.

"मंग तुजा पाय चालनारा न्हाई, थांबवनारा हाय. थांबवनारे पाय का चप्पल अलग रैता." त्यानं ट्रकच्या टायरचा तळवा कापला, मागं टाचंवरून ट्यूबचा पट्टा मारला, पान्यात बुडवलेली चिंधी एका चाकावर फिरविली, मंग त्या वल्या चाकावर तळवा घासला. करकरून धरलं. "रबर को रबर पकडता. पानी में भी, धूप में भी." जड म्हंजी केवढ्या, गाढवाच्या नालेसारख्या. पन पहिल्या दिशी उतरले अन् मधी कुठं बी, जिथं म्हनलं तिथं, सायकल हुबी राह्यली. मी डोंगरात एकलीच हसले.

आता पाराचं सांगते. डेअरीच्या आदी मारुतीपुढं पार. तिथं तात्या बसायचे, डेअरीचे चेअरमन, त्यांच्यासंगं चार-पाच जन पान-तंबाखू घिऊन. गावची रीत अशी की बाईमानसानं पारापुढून जाताना पायातलं काढायचं, पदर घ्यायचा, अन् पलीकडच्या लिंबापत्तुर अनवानी जायाचं. मी सायकलीवरून उतरायची, पायातलं काढायची, साठ पावलं सायकल ढकलीत जायाची, परत घालायची. कापडी बुटांची नाडी हँडलला अडकवायची. प्लॅस्टिकचे काखेत मारायची. ह्या टायरच्या जड, काखेतून निसटायच्या, हँडलला लावल्या तर चाकात जायाच्या. मंग मी त्या किटलीच्या झाकनावर ठेवून दोरीखाली दाबल्या. चार-पाच दिस तसंच केलं. डोक्यातच आलं न्हाई. मान राखायच्या घाईत कशावर काय ठेवलं ते कोन बघतं?

तात्यांनी बघितलं.

"ए सूनबाई. थांब."

मी थांबले. भुई तापलेली, एक पाय उचलून दुसऱ्यावर ठेवीत हुबी.

"कुनाच्या चपला ह्या?"

"माज्या, तात्या."

"अन् खाली काय हाय?"

मी घाईनं पदर आनखी पुढं वढला.

"दूध हाय," पारावरचा एक जन म्हनला, "आता चपलेचं दूध."

दुसरा म्हनला, "फॅट वाढलं असंल बे," अन् सगळे हसले.

सेक्रेटरी डेअरीतून आला. हा मानूस रोज काय करायचा सांगते. तंबाखू मळलेलं बोट दुधात बुडवायचा, चाटायचा, अन् तेच बोट दुसऱ्या किटलीत. नखात चुना. शेनात भरलेल्या बुटासकट दुधाच्या हौदाजवळ जायाचा. ते चालायचं. माज्या चपला झाकनाच्या वर व्हत्या, झाकन बंद, दोरी बांधलेली. ते चाललं न्हाई. तात्या म्हनले, "चपल लागलेलं दूध गावाला पाजू का? वत तिकडं."

वतलं. दोन्ही किटल्या, पारापुढच्या धुळीत. मऊ धुळीत दूध लोळत गेलं, त्याच्यावर माती अन् काड्या अन् पानाच्या पिचकाऱ्या तरंगायला लागल्या. कुत्री आली. लपालप चाटायला लागली, खरजुली, एकीच्या पाठीवर केसच नव्हते. दूध संपलं तशी तिनं माज्या चपला चाटल्या, मंग माजे पाय. तिची जीभ चिखल्यांच्या जागी लागली अन् मी भिताडाला हात लावून तिथंच ओकले. पारावरून कोन तरी म्हनलं, "आरं, पुन्हा दिवस गेले का काय हिला?"

"तिसरी बारी," सेक्रेटरी म्हनला. "तरी उद्याच्याला एक शेवटचा डाव घिऊन ये, वस्तीवाल्यांना सांगाया लागंल. तेबी तसलंच निघालं तर काम सुटलं म्हनून मुकादमाला निरोप देतो."

घरी आले. पाय तीनदा धुतले, राखंनं, मंग लिंबाच्या पाल्यानं. पानी कुठं व्हतं येवढं, पन धुतले. मंगलला छातीशी धरून बसले तर डोळ्यापुढं तेच. जीप, पाचट, माशा. आत्याबाई समद्या वेळ भाकरी थापीत व्हत्या. शेवटची भाकर तव्यावर टाकून म्हनल्या, "तात्यानं नेमकं काय म्हनलं? शब्दाला शब्द सांग."

"चपल दुधाला लागली म्हनले."

"पायात असती तर?"

"पायात असती तर कशी लागंल?"

"हं," म्हनल्या अन् भाकर उलटली. "त्या म्हशींत तात्याच्या किती?"

"चार. निम्मं दूध त्यांचंच हाय वस्तीवरचं."

"हं."

दुसऱ्या दिशी दूध घिऊन उतरले तर वढ्यापशी आत्याबाई हुभ्या, काखेत मंगल, हातात यांचे ते भोक पडलेले कापडी बूट. "हे घाल. तुज्या चपला मला दे." मी कावून म्हनले तर वसकल्या, "दे म्हनते ना." अन् त्या पायात, ज्यानं साठ वर्सं काय घातलं नव्हतं, त्या पायात त्यांनी टायरच्या चपला घातल्या. पट्टा मीच मागं सारून दिला. भेगांना बोट लागलं, खरबरीत, खपलीसारखं, अंगावर काटा आला माज्या. मंग मंगलला मांडीवर घिऊन त्या क्यारेजवर बसल्या, दोन्हीकडं दोन किटल्या, मधी म्हातारी.

पार दिसला अन् माजा पाय आपसूक चाकावर गेला. सवय. सायकल थांबली. आत्याबाई उतरल्या. मंगलला कडेवर घेतलं. पदर डोक्यावरून नीट घेतला, तेवढं केलं. अन् चालायला लागल्या, पारापुढून, फटाक, फटाक, फटाक. सैल व्हत्या, टाच उचलली की पट्टा वाजायचा. तसा आवाज त्या पारापुढं कुन्या बाईचा कधी झाला नव्हता. मी मागं, बूट पायात, सायकल ढकलीत.

तात्या म्हनले, "अगं म्हातारे, याड लागलं का? चपला काढ."

"काढते की तात्या. काढून ठेवू कुठं?"

"कुठं म्हंजी?"

"दुधावर ठेवाव्या तर दूध जातं. हातात लेकरू हाय. सुनंच्या हातात सायकल. तुमच्या पारावर ठेवू का?"

कोन तरी खोकल्यावानी हसलं.

"तुमीच काल न्याय केला," आत्याबाई म्हनल्या, आवाज न चढविता, माडगं वाढायच्या तसाच. "चपल दुधाला लागू नये. पायात असली की लागत न्हाई. म्हनून पायात हाय. तुमचा शब्द पाळायला जलमात पहिल्यांदा चपल घातली मी. अन् काल ह्या धुळीत वतलं त्यातलं निम्मं तुमच्याच म्हशींचं व्हतं, आज बी निम्मं हाय. वतायचं असंल तर आजचं तुमच्या हातानं वता, मी लेकरू धरते."

तात्या सेक्रेटरीकडं बघाया लागले. सेक्रेटरी दुधाकडं. पारावरचे सगळे आपापल्या हातातली तंबाखू मळाया लागले, जशी काय आताच मळायची व्हती. मंगल तेवढी आत्याबाईंच्या कपाळावरच्या गोंदनाला हात लावीत व्हती.

"फॅट बघ," तात्या सेक्रेटरीला म्हनले, तिकडं तोंड करून. "येळ करू नको. दुधाचा टँकर येईल."

सेक्रेटरीनं बोट पुढं केलं. मी म्हनले, मला ठावं न्हाई कुठनं आलं ते, पन म्हनले, "बोट न्हाई घालायचं. काचंनं बघा." त्यानं माज्याकडं बघितलं, अन् दूध तपासायची काचनळी घेतली.

जीप आली न्हाई. त्या दिसापासून मी पारापुढं उतरले न्हाई, पदर घ्यायची तेवढा. लोक म्हनत राह्यले, म्हनायचे ते. एकदा माज्या पाठीवर पिचकारी आली, लुगड्याचा डाग गेला न्हाई. डेअरी पुढं बुडाली, ती गोष्ट येगळी.

त्या दुपारी घरी आलो तर आत्याबाई उंबऱ्यातच बसल्या अन् चपल काढता येईना. पट्ट्यानं टाचंवर फोड आलता, फुटलेला, त्यातलं पानी भेगांत शिरलेलं, माती, रबराचा काळा रंग, समदं एकत्र. वास मारीत व्हतं. मी एरंडेलाची वाटी घिऊन बसले अन् तो पाय माज्या मांडीवर घेतला. किळस आली न्हाई असं लिहिनार न्हाई मी. आली. घशापत्तुर आली. दात दाबून भेगंभेगंत बोट घातलं, काडीनं माती काढली, तेल सोडलं. पाय सोडला न्हाई.

"कशी घालतीस गं हे," त्या म्हनल्या, "लई चावतंय."

"उद्या घालू नका मंग."

आत्याबाईंनी दुसरा पाय पुढं केला, वळवून बघितला, तो धड व्हता.

"घालीन की," म्हनल्या. "हा राह्यलाय अजून."